कानपूरचा बूट आणि गंगेतलं क्रोमियम

कानपूरला पोस्टिंग आल्याचं घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "नानासाहेबांचं कानपूर ना रे?" मराठी माणसाच्या डोक्यात कानपूर म्हणजे बिठूर, नानासाहेब आणि तात्या टोपे. माझंही तसंच होतं. सामानाच्या पेट्या उघडायच्या आधी, पहिल्याच रविवारी, मी बिठूरला जाऊन आलो. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर इथे येऊन राहिला आणि १८५१ मध्ये इथेच वारला. तनखा नानासाहेबांना नाकारला गेला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथे परत सांगत नाही. (बिठूरवर वेगळं लिहायचं आहे. किती दिवस म्हणतोय ते नियमित वाचणाऱ्यांना माहीत आहे.)

दुसऱ्या रविवारी सतीचौरा घाटावर गेलो. हा घाट छावणीच्या हद्दीतच आहे. २७ जून १८५७ ला जनरल व्हीलरची माणसं अलाहाबादला जायला होड्यांत चढत असताना गोळीबार झाला तो इथे. मी पायऱ्यांवर उभा राहून तो दिवस डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होतो, पण मन लागेना. वारा पूर्वेकडून येत होता आणि त्याला एक वास होता. कुजलेल्या अंड्यासारखा, त्यात चुना मिसळल्यासारखा, आणि त्याखाली आणखी काहीतरी गोडसर. सोबतचा जवान स्थानिक होता. तो म्हणाला, "साहब, जाजमऊ की हवा है. पुरवाई चले तो यहाँ तक आती है."

जाजमऊ घाटापासून थोडं खाली, प्रवाहाच्या दिशेला आहे. तिथे एक प्राचीन टेकाड आहे, ययातीच्या किल्ल्याची दंतकथा त्याला चिकटलेली आहे, आणि चौदाव्या शतकातला मखदूम शाहचा दर्गाही आहे. पण आज जाजमऊ म्हणजे टॅनरी. कातडी कमावणारे जवळजवळ चारशे लहानमोठे कारखाने, नदीच्या काठाला लागून, आणि त्यांना लागून वस्त्या. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा पहिली नजर हातगाड्यांवर गेली. ओल्या कातड्यांचे ढीग होते आणि ते निळे होते. आकाशी म्हणावा असा, कुठल्याही जनावराच्या अंगावर न दिसणारा रंग. धंद्यात त्याला 'वेट ब्ल्यू' म्हणतात. गटारातलं पाणीही हिरवट निळं होतं.

तो रंग मी आधी पाहिला होता. कुठे ते आठवायला दोन दिवस लागले.

मी कॅप्टन असताना युनिटमध्ये एक ईबीआर हवालदार होते. फौजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ईबीआर म्हणजे इक्विपमेंट अँड बूट रिपेअरर, पलटणीचा चर्मकार. हे मूळचे कोल्हापूरकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या पायताण बनवण्याचं काम. एकदा पावसाळ्यात सगळ्या कंपनीचे बूट भिजून वाळत घातले होते तेव्हा त्यांनी मला एक गंमत दाखवली. जुन्या बुटाच्या वरच्या कातड्याची एक पट्टी आणि स्वतःच्या चपलेच्या कातड्याची एक पट्टी घेतली आणि दोन्ही उकळत्या पाण्यात टाकल्या. चपलेची पट्टी आकसून वळली, बुटाची जशीच्या तशी राहिली. "बघा साहेब, फौजेचा बूट उकळला तरी हालत न्हाई. आमची चप्पल वाळल्या मिरचीवानी झाली." मग दोन्हीच्या कोरड्या पट्ट्यांना काडी लावली. चपलेची पट्टी धुमसत राहिली, काळी पडली. बुटाची झटकन जळली आणि मागे राख राहिली ती हिरवट. "ह्यो क्रोम," ते म्हणाले, "आणि ही बाभळीची साल."

हिरवट राख तीच होती. एनडीएत आल्यापासून ज्या बुटांना मी रात्री जागून पॉलिश केलं, ज्या बुटांवर ड्रिल उस्तादांचा चेहरा दिसला नाही तर खडकवासल्याच्या ड्रिल स्क्वेअरवर किती चकरा माराव्या लागतील ते ठरत असे, त्या बुटांच्या कातड्यात क्रोमियम होतं. वीस वर्षं पायात घातलं आणि कधी विचार केला नाही. जाजमऊच्या नाल्यावर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

मग वाचायला लागलो. वाचलं तसतसं एक गोष्ट लक्षात येत गेली, जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. कानपूरच्या चामड्याचा धंदा फौजेने उभा केला. आपण त्या नदीचे प्रेक्षक नाही, पहिले गिऱ्हाईक आहोत.

कंपनी सरकारची फौज कानपुरात अठराव्या शतकाच्या सत्तरीत येऊन बसली होती. १८०१ मध्ये अवधच्या नवाबाने हा मुलूख देऊन टाकला. गाव असं नव्हतंच. छावणी होती आणि छावणीला माल पुरवणारा बाजार होता. १८५७ मध्ये छावणी आणि बाजार दोन्ही उद्ध्वस्त झाले. त्यानंतर देशात गोऱ्या फौजेची संख्या वाढवण्यात आली आणि तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हाती ठेवला गेला. आता तोफ ओढायला घोडे लागतात. घोड्यांना खोगीर, लगाम, तंग, जोत लागतं. माणसाला पट्टा, काडतुसांची पिशवी, म्यान, बूट. पाण्याची पखालसुद्धा कातड्याची. हा सगळा माल तेव्हा विलायतेहून जहाजाने येई आणि महाग पडे, शिवाय समुद्रात भिजून खराबही होई.

बंगाल आर्टिलरीतला जॉन स्ट्युअर्ट नावाचा अधिकारी हा माल कानपुरातच बनवायच्या मागे लागला. १८६०च्या दशकात त्यातून गव्हर्नमेंट हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी उभी राहिली. आजच्या ऑर्डनन्स इक्विपमेंट फॅक्टरीचं मूळ तिथे आहे. जागा का ही, हे फौजी डोळ्याने बघितलं तर लगेच कळतं. मार्च १८५९ मध्ये अलाहाबादहून रेल्वे कानपूरला पोचली होती. गंगेचा कालवा इथे येऊन मिळत होता. दुआबात जनावरं भरपूर, म्हणजे कातडं भरपूर. बाभूळ भरपूर, आणि तिची साल कातडं कमवायला लागते. कातड्याचं काम जाणणारे चर्मकार गावोगाव होते. आणि गंगा होती, जिच्यातून पाणी घ्यायचं आणि जिच्यात पाणी सोडायचं. पहिल्या सगळ्या गोष्टींचा हिशेब कुणीतरी केला असणार. शेवटच्या गोष्टीचा हिशेब करायचा असतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नसेल.

१८८०च्या सुमारास कूपर अ‍ॅलन आणि कंपनी निघाली. नाव खाजगी, पण कारखान्याची पाटी होती 'गव्हर्नमेंट बूट अँड आर्मी इक्विपमेंट फॅक्टरी'. फौजेच्या बुटांचा ठेका हाच तिचा प्राण होता. यातला जॉर्ज अ‍ॅलन म्हणजे अलाहाबादच्या 'पायोनियर' वर्तमानपत्राचा मालक. त्याच पत्रात पुढे रुडयार्ड किपलिंग नोकरीला होता, म्हणजे साम्राज्याची बातमी आणि साम्राज्याचा बूट एकाच घरातून निघत होते. कापडाच्या एल्गिन आणि म्युर मिल, ब्लँकेटची 'लाल इमली', हेही याच वीस वर्षांतलं. तंबू, गणवेश, कांबळी, बूट. एखाद्या क्वार्टरमास्टरने यादी करून शहर वसवावं तसं हे शहर वसलं आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. त्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडलेले मराठे यातलेच. एवढ्या माणसांना बूट, खेचरांना खोगिरं. १९१७ मध्ये इंडियन म्युनिशन्स बोर्ड स्थापन झालं आणि कातड्यांच्या व्यापारावरसुद्धा सरकारी नियंत्रण आलं. कानपूरच्या कारखान्यांत रात्रपाळ्या सुरू झाल्या.

पण इथवर गंगेत जे जात होतं ते बहुतांशी कुजणारं होतं. चुना, मीठ, केस, चरबी, बाभळीच्या सालीचं काळपट पाणी. घाण होती, वास होता, मासे मरत असणार. पावसाळा आला की नदी ते धुऊन नेई आणि जिवाणू उरलेलं खाऊन टाकत. सालीने कातडं कमवायला आठवडे लागतात, जाड कातड्याला महिने. हौदात बुडवायचं, साल बदलायची, पुन्हा बुडवायचं. कोल्हापुरी चपलेचं कातडं आजही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात असंच बनतं.

युद्धखात्याला महिने परवडत नाहीत. अमेरिकेत ऑगस्टस शुल्झ याने १८८४ मध्ये क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमवायची रीत पेटंट केली. १८९३ मध्ये मार्टिन डेनिसने ती आणखी सोपी केली. महिन्यांचं काम एका दिवसावर आलं. कातडं मऊ, हलकं, पाण्यात टिकणारं, उकळलं तरी न आकसणारं. हिंदुस्थानात ही रीत आणण्याची खटपट आल्फ्रेड चॅटर्टन याने मद्रासेत १९०३च्या सुमारास केली. आपल्या लोकांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्याने सुरुवातीला जो माल बनवायला घेतला त्यात मोट होती, विहिरीवरची कातडी मोट. क्रोमची मोट जास्त टिकते हे शेतकऱ्याला पटवायचं होतं. म्हणजे ज्या धातूने पुढे शेतकऱ्याची विहीर नासवली तो पहिल्यांदा शेतकऱ्याकडे आला तो विहिरीतून पाणी काढायला.

ही रीत कानपुरात हळूहळू पसरली. खरी उसळी आली स्वातंत्र्यानंतर, आणि तीसुद्धा चांगल्या हेतूच्या एका निर्णयाने. कच्चं आणि अर्धकच्चं कातडं परदेशी पाठवून आपण तोट्यात जातो, तयार माल पाठवा, अशी शिफारस १९७२ मध्ये सीतारामय्या समितीने केली आणि अर्धकच्च्या कातड्याच्या निर्यातीवर बंधनं आली. तयार कातडं म्हणजे क्रोमचं कातडं. जाजमऊत टॅनरी वाढत गेल्या. परकीय चलन आलं, लाखभर घरांची चूल पेटली. मी त्या समितीला दोष देत नाही. कागदावर तो निर्णय आजही बरोबर दिसतो.

इथे थोडं रसायनशास्त्र सांगावं लागेल. ते मी एनडीएत जेमतेम पास होण्याइतकंच केलं होतं, त्यामुळे सोपंच सांगेन. एक टन कच्चं कातडं कमवायला साधारण तीस ते चाळीस हजार लिटर पाणी लागतं. ढोलात क्रोमियम सल्फेट घातलं की जुन्या पद्धतीत त्यातलं साठ ते सत्तर टक्केच कातडं पितं. उरलेलं पाण्याबरोबर बाहेर. हे क्रोमियम 'तीन'च्या रूपात असतं, ते त्यामानाने कमी विषारी आणि पाण्यात फारसं न विरघळणारं. ते नदीच्या तळाच्या गाळात जाऊन बसतं. 'सहा'च्या रूपातलं क्रोमियम मात्र पाण्यात विरघळतं, जमिनीखालच्या झऱ्यात उतरतं आणि त्याने कर्करोग होतो. कातड्यासाठी लागणारं क्रोमियम सल्फेट खनिजापासून बनवताना मधली पायरी नेमकी या 'सहा'ची असते. म्हणजे नाल्यातलं क्रोमियम बहुतेक 'तीन'चं, पण ते रसायन बनवणाऱ्या कारखान्यांचा कचरा 'सहा'चा. दोन्ही कानपुरातच.

आणि मुख्य गोष्ट अशी की मैला कुजतो, कातड्याचे तुकडे कुजतात, धातू कुजत नाही. त्याची फक्त बदली होते.

हे वाक्य माझं नाही, म्हणजे पूर्ण माझं नाही. ते सुचलं एका माणसामुळे. छावणीत माजी सैनिकांचा मेळावा होता. अशा मेळाव्यात पेन्शन, दाखले, दवाखाना, कॅन्टीन कार्ड याच तक्रारी असतात. एक निवृत्त सुभेदार, तोफखान्यातले, सत्तरीचे, सावकाश उठून उभे राहिले. "साहब, पेंशन ठीक आ रही है. पानी का कुछ हो सके तो देखिए." समोरच्या टेबलावर पाण्याचा रकानाच नव्हता. नोंद घेणाऱ्या क्लार्कने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना चहाच्या वेळी बाजूला घेतलं आणि पुढच्या रविवारी त्यांच्या गावी गेलो. जाजमऊच्या पलीकडे, सांडपाण्याच्या कालव्यावरचं गाव.

तो कालवा कुठून आला ते सांगण्यासाठी पुन्हा थोडं मागे जातो. १९८५ मध्ये वकील एम. सी. मेहता गंगेच्या प्रदूषणाबद्दल सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर १९८७ मध्ये निकाल आला. ज्या टॅनरीला प्राथमिक शुद्धीकरण जमत नसेल ती बंद करा. ज्या धंद्याला किमान वेतन देणं परवडत नाही त्याला जसं चालू राहता येत नाही, तसंच हेही, असा त्याचा आशय. त्याच सुमाराला, १९८६ मध्ये, राजीव गांधींनी वाराणसीत गंगा कृती योजना सुरू केली होती. जाजमऊत डच सरकारच्या मदतीने मोठा शुद्धीकरण प्रकल्प झाला, १९९४ मध्ये सुरू. दिवसाला ३ कोटी ६० लाख लिटरचा. त्यात ९० लाख लिटर टॅनरीचं पाणी आणि २ कोटी ७० लाख लिटर शहराचा मैला, एकाला तीन, असं मिसळून, हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंकडून ते शुद्ध करून घ्यायचं. बाहेर पडलेलं पाणी गंगेत न सोडता कालव्याने आसपासच्या गावांना शेतीसाठी द्यायचं.

मी एक दिवस त्या योजनेच्या नकाशासमोर बराच वेळ बसलो होतो. खरं सांगतो, मला ती आवडली. कागदावर सुरेख आहे. नदी वाचते, शेताला पाणी आणि खत मिळतं, टॅनरी चालू राहते. पण जिवाणू मैला खातात, क्रोमियम खात नाहीत. क्रोमियम टॅनरीनेच आपल्या दारात वेगळं काढावं असं योजनेत गृहीत होतं. त्याची रीत अवघडही नाही. वापरलेल्या पाण्यात मॅग्नेशियम ऑक्साईड टाकलं की क्रोमियम तळाशी बसतं, ते आम्लात विरघळवून पुन्हा वापरता येतं. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था हे कधीपासून सांगत आली आहे. मोठ्यांनी केलं, काहींनी दाखवण्यापुरतं केलं, छोट्यांना परवडलं नाही. टॅनरींची संख्या मात्र योजना आखली तेव्हाच्या दुपटीवर गेली. ठरल्यापेक्षा जास्त पाणी आलं की ते ओसंडून थेट नदीत. प्रकल्पात आलेलं क्रोमियम काही गाळात बसलं, म्हणजे तो गाळ खत म्हणून वापरायच्या कामाचा राहिला नाही. उरलेलं कालव्याने शेतात.

सुभेदार साहेबांनी मला बांधावरून फिरवलं. त्यांच्या लहानपणी इथे शहराचा मैला गंगेच्या पाण्यात मिसळून सोडत आणि त्यावर पिकं जोमदार येत. त्या भागात गुलाबाची शेती होती, फुलं कानपूरच्या मंडईत जात. "अब गुलाब नहीं होता. कली आती है, काली पड़ जाती है." आता गहू आणि चारा. चारा म्हशी खातात, म्हशींचं दूध शहरात जातं. त्यांनी पायजमा वर करून पोटऱ्या दाखवल्या, कातडी जाड, भेगाळलेली, पांढरट. कालव्याच्या पाण्यात उभं राहून पाणी दिलं की असं होतं म्हणाले. मी डॉक्टर नाही. ते कशामुळे झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या गावात मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या शेतात राबणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या पायावर ते होतं, आणि शहरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाच्या पायावर नव्हतं.

"नदी बचाने के लिए हमारे खेत में डाल दिया," ते शांतपणे म्हणाले. बदलीचं वाक्य मला तिथे सुचलं.

याच शहरात नौरैयाखेडा नावाची वस्ती आहे. टॅनरीला लागणारी रसायनं बनवणाऱ्या जुन्या कारखान्याच्या कचऱ्याचा झिरपा तिच्या जमिनीखाली पसरला. १९९७ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिथल्या भूजलात मोजलेलं 'सहा'चं क्रोमियम होतं लिटरला ६.२ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०५. भागाकार करून बघा, सव्वाशे पटीच्या आसपास येतो. शहराबाहेर कानपूर देहातमधल्या रनियात असाच क्रोमियमचा कचरा १९७६ पासून उघड्यावर पडून होता आणि हातपंपांतून पिवळं पाणी यायचं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या प्रकरणात कारखान्यांना मिळून २८० कोटींचा दंड सांगितला. त्या कचऱ्याच्या ढिगाच्या आसपास वाढलेली पिढी तोवर चाळिशीत पोचली होती. माझ्याच वयाची.

२०१९च्या कुंभाआधी जाजमऊच्या टॅनरी काही महिने बंद ठेवल्या गेल्या. नदी त्या काळात सुधारली असं घाटावरचे लोक सांगतात. त्याच काळात टॅनरीतले मजूर गावी गेले किंवा कोलकात्याच्या बंतालाला गेले. तिथली वसाहतही आधी शहरातल्या टांगरा भागातून, १९९६च्या न्यायालयाच्या आदेशाने, बाहेर हलवलेली. जाजमऊत एका सुपरवायझरने मला विचारलं, "साहब, फौज जूता पहनना बंद कर देगी क्या?" प्रश्न खोचक होता पण चुकीचा नव्हता. नमामि गंगेमध्ये आता टॅनरीच्या पाण्यासाठी दिवसाला २ कोटी लिटरचा वेगळा प्रकल्प घेतला आहे. मैल्यात न मिसळता वेगळं शुद्ध करायचं, हे ठरायला तीस वर्षं गेली, पण ठरलं.

माझ्या फौजी मित्रांना, विशेषतः ऑर्डनन्सवाल्यांना, एक सांगायचं आहे. बुटाच्या कातड्याच्या मानकात जाडी असते, ताकद असते, पाणी किती शोषलं जातं ते असतं, आणि कातड्यात क्रोमियम किमान किती हवं हेही असतं. नाल्यात किती गेलं ते कातड्याच्या तुकड्यावर तपासताच येत नाही, म्हणून ते मानकात नाही. पण ठेका देताना क्रोमियम परत मिळवण्याची यंत्रणा चालू आहे का, हे जाऊन बघता येतं. आपण रेशनच्या मटणाची तपासणी करतो, दुधाची करतो. दीडशे वर्षं जो गिऱ्हाईक आहे त्याला हे विचारायचा अधिकार आहे. टॅनरी बंद करा म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्याच्या पायात बूट आहेत त्याला. काही सेवानिवृत्त अधिकाऱ्यांशी मी यावर बोललो तेव्हा एकाने सांगितलं की, "हे आपलं काम नाही." असेलही. पण सतीचौरा घाटावर दरवर्षी आपण झाडू घेऊन स्वच्छता मोहीम राबवतो, फोटो काढतो, ते तरी कुठे आपलं काम होतं?

मेळाव्यातल्या त्या अर्जाचं काय झालं ते विचाराल. मी तो जिल्हा प्रशासनाकडे पाठवला, दोनदा स्मरणपत्र दिलं. वर्षभराने गावात पाण्याचा टँकर नियमित यायला लागला. तो माझ्या पत्राने की निवडणुकीने, ठाऊक नाही.

निघायच्या आधीच्या महिन्यात पुन्हा एकदा त्यांच्याकडे गेलो. अंगणातल्या हातपंपाच्या तोंडाला सरकारी माणसाने लाल रंग फासला होता, तरी म्हशीसाठी तो चालू होता. सुभेदार साहेब कडक इस्त्रीचा कोट घालून, छातीवर पदकं लावून वाट बघत होते, आणि पायात जुने फौजी बूट, आरशासारखे चमकवलेले. चाळीस वर्षांपूर्वीचे असावेत, टाच दोनदा बदललेली. मी त्याकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "कानपुर का माल है साहब," ते म्हणाले, आणि त्यात अभिमान होता. मग आत हाक मारून सुनेला सांगितलं, साहेबांचा चहा टँकरच्या पाण्याचा कर.